वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला कसा जोडायचा: स्पीडुइनो वापरणाऱ्या नवख्यांसाठी

कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवलेली जुनी जिप्सी किंवा ८०० एकदाची सुरू झाली, की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: इंजिनाला पेट्रोल कमी मिळतंय की जास्त? प्लगचा रंग बघून, सायलेन्सरचा वास घेऊन अंदाज बांधणारे जुने मिस्त्री अजूनही आहेत. पण फ्यूएल टेबलातले (किती आरपीएमला आणि लोडला किती पेट्रोल, हे सांगणाऱ्या तक्त्यातले) अडीचशे चौकोन वासावर भरता येत नाहीत. त्यासाठी वाइडबँड लागतो, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रणाचं नेमकं प्रमाण सांगणारा सेन्सर. तो बसवणं अवघड नाही. बहुतेकांची गाडी अडते ती ग्राउंडवर, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा ग्राउंडलाच दिली आहे.

उदाहरणासाठी तीन गोष्टी धरल्या आहेत: बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर, त्याचा वेगळा कंट्रोलर आणि आर्डुइनो मेगावर चालणारा स्पीडुइनो ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक). मेगास्क्वर्ट असला तरी मेनूची नावं तेवढी बदलतील. मॅक्सईसीयूसारख्या काही ईसीयूंमध्ये कंट्रोलर आतच असतो. तिथे सेन्सरच्या तारा थेट ईसीयूच्या ठरलेल्या पिनांवर जातात आणि खालचा निम्मा त्रास वाचतो.

गाडीतला जुना सेन्सर का चालत नाही

कंपनीच्या बहुतेक जुन्या इंजेक्शन गाड्यांत नॅरोबँड सेन्सर असतो. तो साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट देतो, पण लॅम्डा १ च्या (हवा आणि पेट्रोल अगदी जुळतील ते प्रमाण; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) आसपास त्याचा व्होल्टेज एकदम उडी मारतो. मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) आहे की लीन (पेट्रोल कमी), एवढंच तो सांगतो, किती ते नाही. क्रूझिंगला तेवढं पुरतं. पूर्ण थ्रॉटलला मात्र लॅम्डा ०.८७ हवा असताना ०.९५ मिळत असेल, तर नॅरोबँडला दोन्ही 'रिच'च दिसतात. पिस्टनला मात्र तो फरक चांगला कळतो.

वाइडबँडची रचनाच निराळी आहे. त्याच्या आत एक छोटी पोकळी असते आणि तिच्यातला ऑक्सिजन मोजणारा एक कोष असतो. त्या कोषाचा व्होल्टेज ४५० मिलिव्होल्टवर टिकून राहावा म्हणून कंट्रोलर दुसऱ्या एका पंप-कोषातून ऑक्सिजन आत-बाहेर ढकलत राहतो. त्यासाठी किती करंट लागला, तेच मोजमाप. शिवाय सेन्सर सुमारे ७८० अंशांवर तापलेला ठेवावा लागतो. ते तापमान कंट्रोलर कोषाच्या रोधावरून ओळखतो (४.९ मध्ये ३०० ओहम) आणि हीटर त्याप्रमाणे चालू-बंद करतो.

थोडक्यात, सेन्सरच्या कनेक्टरमधून निघणाऱ्या सहा तारांपैकी एकही थेट स्पीडुइनोला लावायची नाही. 'ऑक्सिजन सेन्सर इनपुट' असं लिहिलेली पिन दिसली की काळी तार तिथे खुपसण्याचा मोह होतो. तिथे जायचा असतो तो कंट्रोलरमधून निघणारा ० ते ५ व्होल्टचा सिग्नल.

सेन्सर आणि त्याचा कनेक्टर

एलएसयू ४.९ च्या कनेक्टरवरच्या तारा अशा: लाल पंप करंटची, पिवळी सामायिक संदर्भाची, काळी मोजणाऱ्या कोषाची, राखाडी हीटर प्लस, पांढरी हीटर मायनस आणि हिरवी कॅलिब्रेशन रोधाची. हा रोध सेन्सरच्या टोकाशी नसून कनेक्टरच्या प्लास्टिकमध्ये बसवलेला असतो आणि कारखान्यात त्या एका सेन्सरपुरता जुळवलेला असतो. कनेक्टर कापला, फेकला आणि तारा सरळ जोडल्या, की सेन्सरची ओळखच हरवली. वायर आखूड पडली तर सेन्सरच्या बाजूची तार वाढवू नका. कंट्रोलर जवळ आणा, किंवा कंपनीची लांब केबल घ्या.

४.२ आणि ४.९ दिसायला जुळे भाऊ आहेत, पण कनेक्टर वेगळा आणि रोधाचा आकडाही वेगळा. कंट्रोलर ज्यासाठी बनला आहे तोच सेन्सर लावा. सेन्सर ओळखीच्या दुकानातून, बिलावर घ्या. नकली मालाचा यात सुळसुळाट आहे आणि नकली सेन्सर बंद पडत नाही, चुकीचा आकडा दाखवत राहतो. हे जास्त वाईट.

बसवायची जागा

सेन्सरचे आटे एम१८ बाय १.५ चे असतात. त्या मापाचा वेल्ड-नट पाईपवर लावून घ्यायचा. सेन्सर त्यात बसवून वेल्डिंग कधीच करू नका. आटे आवळून वाकडे होऊ नयेत म्हणून जुना, मेलेला सेन्सर किंवा एखादा बोल्ट आत फिरवून ठेवा.

जागा निवडताना चार गोष्टी बघा. एक, एक्झॉस्ट पोर्टपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतर. फार जवळ घेतला तर सेन्सर उष्णतेनं मरतो. दोन, टर्बो असेल तर सेन्सर टर्बोनंतर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी. टर्बोच्या आधी दाब जास्त असतो आणि वाचन दाबाबरोबर सरकतं. तीन, सेन्सर आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर झुकलेला हवा, घड्याळाच्या दहा ते दोन या काट्यांच्या मधे. गार पाईपमध्ये वाफेचं पाणी साचतं. सेन्सर पाईपच्या खालच्या बाजूला बसवला तर ते पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येतं आणि सिरॅमिक तडकतं. चार, पाईपच्या उघड्या टोकापासून पुरेसं लांब, निदान ४५ सेंटिमीटर आत.

हा चौथा मुद्दा मोटरसायकलवाल्यांना आणि कॉलेजच्या संघांना फार छळतो. फॉर्म्युला स्टुडंट (कॉलेजच्या संघांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाड्यांमध्ये केटीएम ३९० चं, म्हणजे चाकणला बनणारं, इंजिन आपल्याकडे बरेच संघ वापरतात. एकच सिलिंडर आणि आखूड पाईप. अशा वेळी आयडलला प्रत्येक धक्क्यामागे बाहेरची हवा पाईपमध्ये उलटी शिरते आणि सेन्सर बिनदिक्कत लीन दाखवतो. मग आयडलचं टेबल रिच करत सुटायचं, आणि इंजिन गुदमरतं. अशा गाडीत आयडलच्या आकड्यावर फार विसंबू नका, कानावर आणि मॅप सेन्सरवर (इनटेकमधला दाब मोजणारा) विसंबा.

पाईपला सेन्सरच्या आधी कुठेही गळती नको, गॅस्केट सुद्धा बघा. आटे घट्ट बसवताना ४० ते ६० न्यूटन मीटर टॉर्क. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपाउंड लावलेलंच येतं. त्यावर सिलिकॉन सीलंट फासू नका, त्याची वाफ सेन्सर खराब करते. शिसं असलेलं रेसिंग पेट्रोलही तसंच.

वीजपुरवठा

गार सेन्सर तापताना काही अँपिअर ओढतो. तापल्यावर सरासरी साडेसात वॅटच्या आसपास, पण तेही सलग नाही, ठोक्याठोक्यानं. म्हणून पुरवठा रिलेवरून द्यावा: रिलेच्या पिन ३० ला बॅटरीकडून फ्यूज लावून, ८७ वरून कंट्रोलरला, ८६ ला इग्निशन, ८५ ग्राउंडला. फ्यूज बहुधा ५ अँपिअरचा पुरतो. कंट्रोलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. तार ०.७५ स्क्वेअर एमएमची घ्या.

इग्निशनची तार निवडताना मल्टिमीटर लावून सेल मारून बघा. टेप आणि लायटरच्या सर्किटचा करंट सेल मारताना तुटतो, मग कंट्रोलर रीसेट होऊन तापवायचं काम पहिल्यापासून सुरू करतो.

इंजिन चालू आणि सेन्सरला करंट नाही, असं कधीही चालवू नका. गार सेन्सरवर काजळी बसते आणि तो काही दिवसांत गचकतो. कंट्रोलर दुरुस्तीला गेला असेल तर सेन्सर काढून त्या जागी बूच लावा. उलट, इग्निशन चालू ठेवून तासभर लॅपटॉपवर खेळत बसणंही बरं नाही. तापलेला सेन्सर गार, ओल्या पाईपमध्ये उभा राहतो आणि नंतर सेल मारला की पाणी त्याच्यावरच येतं.

ग्राउंड

इथे घाई करू नका.

कंट्रोलर सिग्नल देतो तो व्होल्टेज. व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधला फरक. कंट्रोलर तो स्वतःच्या ग्राउंडच्या संदर्भात तयार करतो आणि ईसीयू आपल्या ग्राउंडच्या संदर्भात मोजतो. ही दोन ग्राउंड नेमकी एका पातळीवर नसतील, तर ईसीयूला मिळणारा आकडा तेवढ्यानं खोटा. मेकॅनिक 'बॉडी अर्थ मारला की झालं' म्हणतो. हेडलाइटला ते चालतं, इथे नाही.

हिशेब बघा. ज्या कंट्रोलरचा आउटपुट ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २० एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) आहे, त्यात ०.१ व्होल्ट म्हणजे ०.२ एएफआर. गंजलेल्या बोल्टखाली दाबलेल्या ग्राउंडचा रोध ०.२ ओहम धरा. हीटरचा एक अँपिअर त्यातून गेला की कंट्रोलरचं ग्राउंड ०.२ व्होल्टनं वर उचललं जातं आणि ईसीयूला मिश्रण ०.४ एएफआरनं जास्त लीन दिसतं. हीटर ठोक्यानं चालतो, म्हणून हा आकडा थरथरतोही. पुढे पंखा लागला, हेडलाइट लागले, की आणखी सरकतो. लोक याला सेन्सर खराब समजून नवा आणतात.

तर जोडणी अशी करा.

कंट्रोलरला हीटर ग्राउंड आणि सिग्नल ग्राउंड वेगळे दिले असतील, तर हीटर ग्राउंड जाड तारेनं इंजिन ब्लॉकवर, ईसीयूचं पॉवर ग्राउंड जिथे बसवलं आहे त्याच बोल्टवर. सिग्नल ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवर, म्हणजे पाणी-तापमान आणि थ्रॉटल सेन्सरचं ग्राउंड जिथे जातं तिथे. या दोघांची अदलाबदल होऊ देऊ नका. हीटरचा करंट ईसीयूच्या बारीक सेन्सर ग्राउंडमधून गेला तर वाइडबँडच नव्हे, थ्रॉटलपासून तापमानापर्यंत सगळीच वाचनं हलू लागतात.

कंट्रोलरला एकच काळी तार असेल, तर ती ईसीयूच्या पॉवर ग्राउंडच्या त्याच बोल्टवर न्या. शेजारच्या बोल्टवर नको, त्याच बोल्टवर. जागा कानसीनं किंवा सँडपेपरनं चकचकीत करा, रंग-ग्रीस काढा, लग नीट दाबून बसवा.

इनोव्हेट, एईएम, फोर्टीन पॉइंट सेव्हन अशा प्रत्येक कंपनीच्या तारांचे रंग वेगळे. एका कंपनीच्या आकृतीवरून दुसरा कंट्रोलर जोडू नका. सिग्नलची तार इग्निशन कॉइल आणि प्लगच्या तारांपासून लांब न्या. शील्डची तार वापरलीत तर शील्ड एकाच टोकाला, ईसीयूकडे, ग्राउंड करा.

आता मोजा. इंजिन चालू, पंखा चालू, हेडलाइट चालू. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक कंट्रोलरच्या ग्राउंडला, दुसरं ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला. १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. ५०-१०० दिसत असतील तर टेबलाला हात लावण्याआधी ग्राउंड दुरुस्त करा. सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट टाकून हे झाकणारे लोक आहेत. हेडलाइट लावला की तो ऑफसेट चुकणारच.

तुमच्या ईसीयूला आणि कंट्रोलरला दोघांनाही कॅन (अंकी संदेश नेणारी दोन तारांची जोडणी) असेल, तर हा सगळा भाग विसरा आणि कॅनच वापरा. आकडा अंकांच्या रूपात जातो, ग्राउंडच्या फरकानं तो बदलत नाही. वायरिंग झाल्यावर सगळं बंद करून कॅनच्या दोन तारांमध्ये ६० ओहम दिसले पाहिजेत. मेगावरच्या स्पीडुइनोत मात्र कॅन अंगचा नाही, म्हणून आपण ॲनालॉगवर.

ईसीयूला पट्टी शिकवणं

ट्यूनर स्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेन्सरचा प्रकार 'वाइडबँड' निवडा. मग टूल्स मेनूमधून 'कॅलिब्रेट एएफआर टेबल' उघडा आणि यादीतून आपला कंट्रोलर निवडा. यादीत नसेल तर दोन बिंदू हातानं भरा.

इथली चूक महागात पडते. इनोव्हेट एलसी-२ चा नेहमीचा आउटपुट ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ असा आहे. एईएमच्या एक्स-सिरीजमध्ये एएफआर म्हणजे व्होल्टेज गुणिले २.३७५ अधिक ७.३१२५. समजा कंट्रोलर इनोव्हेटचा आहे आणि यादीत चुकून एईएम निवडला. खरं मिश्रण १४.७ असताना सिग्नल २.४४ व्होल्ट येतो आणि ईसीयूला तो १३.१ दिसतो. क्लोज्ड लूप (सेन्सरचा आकडा बघून ईसीयूनं आपोआप पेट्रोल बदलणं) चालू असेल तर ईसीयू पेट्रोल कमी करत जातो. त्याच्या पडद्यावर १४.७ येतं तेव्हा खरं मिश्रण १६.७ झालेलं असतं. पडद्यावर सगळं छान, आणि आत इंजिन तापतंय.

म्हणून पडताळणी करा. साधा पेन्सिल सेल घ्या आणि त्याचा व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजा, नवा असेल तर १.५५ च्या आसपास भरेल. कंट्रोलरची सिग्नल तार सोडवून सेलचा प्लस ईसीयूच्या इनपुटला आणि मायनस सेन्सर ग्राउंडला लावा. ० व्होल्टला १० आणि ५ व्होल्टला २० या पट्टीवर पडद्यावर १३.१ दिसायला हवं. दिसलं, तर ईसीयूची बाजू बरोबर आहे. मग तार परत जोडा आणि कंट्रोलरच्या डिस्प्लेचा आकडा व पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून बघा, आयडलला आणि थोड्या आरपीएमला.

ही चाचणी नुसत्या यूएसबीवर करू नका, बारा व्होल्ट देऊनच करा. आर्डुइनो मेगा व्होल्टेज मोजतो तो स्वतःच्या ५ व्होल्टच्या प्रमाणात. लॅपटॉपच्या यूएसबीवर तो ४.७५ वर आला असेल, तर त्याच पट्टीवर २.३५ व्होल्ट त्याला २.४७ वाटतात आणि १४.७ चं जवळजवळ १४.९५ होतं. थ्रॉटल सेन्सरला याचा फरक पडत नाही, कारण तोही त्याच ५ व्होल्टवर चालतो. वाइडबँडचा सिग्नल बाहेरून येतो, म्हणून पडतो.

एलसी-२ सारख्या काही कंट्रोलरना मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन लागतं. ते सेन्सर पाईपबाहेर काढून, धूर नसलेल्या जागी करायचं. गॅरेजमध्ये दुसरी गाडी चालू असताना नाही.

आकडा वाचताना

सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. गाडी मिसिंग मारत असेल तर न जळलेलं मिश्रण तसंच बाहेर जातं, त्यातला ऑक्सिजनही, आणि पडद्यावर 'लीन' येतं. प्लग ओला होऊन मिसिंग असेल आणि तुम्ही आणखी पेट्रोल वाढवलं, तर प्लग आणखी ओला. आकडा अचानक १६-१७ वर उड्या मारतोय आणि इंजिन हिसके देतंय, तर आधी प्लग, कॉइल आणि गळती बघा.

दुसरी गोष्ट पंपावरच्या पेट्रोलची. आता आपल्याकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतं. शुद्ध पेट्रोलचं रासायनिक प्रमाण १४.७, ई२० चं सुमारे १३.५. पण कंट्रोलरला टाकीत काय आहे ते कळत नाही. तो लॅम्डा मोजतो आणि १४.७ नं गुणून दाखवतो. ई२० वर लॅम्डा १ असतानाही डिस्प्ले १४.७ च म्हणतो. त्यावर कुणी हुशारीनं टार्गेट टेबलात क्रूझिंगला १३.५ भरलं, तर प्रत्यक्षात लॅम्डा ०.९२ मिळतो आणि पेट्रोल फुकट जातं. माझं मत सरळ आहे: पडदा लॅम्डावर ठेवा. क्रूझिंगला १, टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलला ०.८७ च्या आसपास. टाकीत काहीही असो, आकडे तेच. एएफआरच बघायची सवय असेल तर सगळीकडे १४.७ ची पट्टी ठेवा, अर्धी इकडची अर्धी तिकडची नको.

वरच्या टोकाची एक फुकट तपासणी आहे. उतारावर गियरमध्ये थ्रॉटल सोडा. फ्यूएल कट लागला की पाईपमध्ये नुसती हवा जाते आणि आकडा पट्टीच्या लीन टोकाला जाऊन चिकटला पाहिजे. चिकटत नसेल तर सेन्सर म्हातारा झालाय, किंवा इंजेक्टर गळतोय.

क्लोज्ड लूप सगळ्यात शेवटी

सुरुवातीला ईसीयूचा दुरुस्तीचा अधिकार (तो आपणहून पेट्रोल किती टक्के बदलू शकतो) शून्य ठेवा. वाइडबँड नुसता बघण्यासाठी आणि लॉगिंगसाठी. लॉग बघून टेबल हातानं किंवा ऑटोट्यूननं जवळ आणा आणि मग अधिकार १० टक्क्यांपर्यंत द्या. त्याहून जास्त लागत असेल तर टेबल चुकलंय. इंजिन गरम झाल्यावरच, आयडलच्या वरच्या आरपीएमला आणि अर्ध्या-मुर्ध्या थ्रॉटललाच तो लागू होऊ द्या.

स्टार्टनंतरचा उशीर निदान ३० सेकंद द्या. सेन्सर तापेपर्यंत कंट्रोलर एखादा ठरावीक व्होल्टेज देऊन थांबतो. काहींचा तो शून्याजवळ असतो, आणि ईसीयू त्याला कमालीचं रिच समजून पेट्रोल कापतो. सेन्सरमध्ये बिघाड झाला की कंट्रोलर कोणता व्होल्टेज देतो, तेही पुस्तिकेत बघून ठेवा. ज्या कंट्रोलरमध्ये तो निवडता येतो तिथे असा निवडा, की ईसीयूला मिश्रण लीन दिसेल. म्हणजे बिघडल्यावर गाडी रिच होईल, जास्त पेट्रोल खाईल, पण पिस्टन वाचेल.

गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या. इंजिनातल्या बदलांना त्यात मर्यादा आहेत, आणि वरचे सगळे ट्यूनिंगचे फेरे ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागच्या जागी पळवायच्या यंत्रावर) मारणं सोयीचंही पडतं. लॅपटॉप मात्र शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या मांडीवर, ड्रायव्हरच्या नव्हे.